आवाज सारखा करणारा डबा

गावातल्या शनवारा भागात दत्तात्रयचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही दुरुस्त करून घेतो कोण, नवाच आणतात. तरी हा माणूस रोज दहाला शटर उघडतो. स्वस्थ बसणं त्याला जन्मात जमलेलं नाही. त्यात गेल्या वर्षी बायकोच्या, निर्मलाच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो पार सैरभैर झाला.

ते राहतात त्या राजपुऱ्यात श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्यापुढच्या गाण्यांत निर्मला मुख्य. ती ओळ म्हणायची, बाकीच्या बायका झेलायच्या. ऑपरेशननंतर तिची ओळ सुरू व्हायची खणखणीत आणि शेवटी हवेत विरायची. माईक वाढवला की पहिला शब्द कानठळ्या बसवी, कमी केला की शेवटचा गायब. यंदाच्या कानबाईला ती गायलीच पाहिजे, असं दत्तात्रयनं मनावर घेतलं. गाणं गेलं तर ही खचेल, या भीतीनं त्याला घास गोड लागेना.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यानं कॉम्प्रेसर बांधायला घेतला. शेजारचा अरविंद रोज विचारी, "टायरमध्ये हवा भरून देशील का?" हा कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, हे समजावत बसायला दत्तात्रयला सवड कुठली? काळ्या नळीत छोटा दिवा, त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक बारकासा भाग. आवाज चढला की दिवा लागे आणि आवाज आपोआप खाली बसे. पहिला डबा धापा टाकायचा. दुसरा नुसता गुणगुणायचा. दत्तात्रय जेवता जेवता उठे, उष्ट्या हातानं वायर काढी, पुन्हा लावी. सात महिने घरादाराला चैन नव्हतं. तिसरा डबा मात्र लागू पडला.

कानबाईच्या संध्याकाळी आरती झाली आणि निर्मला माईकसमोर बसली. पहिलं गाणं शेवटच्या अक्षरासकट गल्लीच्या टोकाला पोचलं. दत्तात्रयला रडू येत होतं, पण बटणावरचा हात काही निघत नव्हता.

दोन गाण्यांच्या मधे शेजारच्या गोदाबाईशी कुजबुजायची निर्मलाची जुनी सवय. माईकपासून तोंड फिरवलं की झालं. तिनं तसंच केलं. पण गाणं थांबताच डब्यानं पंख्याची घरघर उचलली, बांगड्यांचा आवाज उचलला आणि तिची कुजबुजही.

"आता मन नाही लागत गाण्यात, गोदाबाई. सालभर किती मोकळं वाटलं. ह्यांच्या मशीनसाठी बसली मी."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. निर्मलाचा चेहरा उतरला. गोदाबाईनं मात्र वेळ न दवडता पुढची ओळ स्वतःच धरली, बिनमाईकची, आणि बायकांनी ती झेलली. दत्तात्रयनं बटण बंद केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना डबा काखेत धरून तो म्हणाला, "गायचं नव्हतं तर मले सांगायचं होतं ना."

"सांगितलं होतं," निर्मला म्हणाली. "उन्हाळ्यात. तुम्ही म्हणले, हेच पुन्हा माईकवर बोल, जरा हळू."