वरच्या तळावरून आलेला फोन

आजही पिठलं-भाताचं ताट समोर आलं की ती घटना आठवते.

तेव्हा मी बदलापूरला पोलीस निरीक्षक होतो. हेंद्रेपाड्यातले एक निवृत्त गृहस्थ तक्रारीचा अर्ज घेऊन आले. त्यांच्या इमारतीत रक्ताच्या आजाराची एक लहान मुलगी होती. तिच्यासाठी आणि दवाखान्यात तिच्याच वॉर्डातल्या गरीब मुलांसाठी मदत जमावी म्हणून तिचा मामा हिमालयातलं एक उंच शिखर चढायला गेला होता. मामा अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला. ओळखीचे, अनोळखी, सगळेच पैसे पाठवत होते.

"साहेब, पोरगी गेली!" गृहस्थ तावातावाने म्हणाले. "दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेली. माझ्या ओळखीच्या माणसाने बघितलं. घरात रडारड नाही, चौकात बॅनर नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मदत मागणं चालूच! हा फ्रॉड नाही तर काय?"

संशय यावा असंच होतं. आमच्याकडे माणूस गेला की राख निवायच्या आत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. मी आईबापांना चौकशीला बोलावलं. बाप मान वर करेना. आई म्हणाली, "पैशाला हात नाही लावला, साहेब. खातं बघा."

खातं तपासलं. ती खरं बोलत होती.

"मग मागणं बंद का नाही केलंत?" मी आवाज चढवला. भले भले त्या आवाजाला बोलते होत. ही बाई हातातल्या मोबाइलकडेच बघत होती.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मी स्पीकर लावायला सांगितला. पलीकडे भाऊ धापा टाकत होता.

"ताई, वरच्या तळावर पोचलो. आता शेवटची चढाई. चिमी कुठाय? दे ना जरा."

"औषध घेऊन पडलीय रे." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "तू सांभाळून जा. दम लागला तर सरळ मागे फिर. शर्यत नाय लावलेली कोणी."

"तिला सांग, मामा वर तिचा फोटो घेऊन चाललाय."

"सांगते."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बॅनर लागला, मागणं थांबलं, की पाच मिन्टात त्याला कळलं असतं. तो तिथे कड्यावर. एक गेली, साहेब. दुसरा नको. त्याला खाली येऊ दे, मग मला आत टाका."

माझा हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी तक्रारदाराला बोलावून सगळं सांगितलं, तोंड बंद ठेवायची ताकीद दिली. "मला काय माहीत, साहेब," एवढंच ते पुटपुटले.

मामा शिखर गाठून सुखरूप परतला. त्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्यांच्या जिन्यात उभा होतो. तो आत गेला, दार लागलं. मग त्या माउलीने हंबरडा फोडला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. इमारतीची दारं उघडली. जमलेली मदत पुढे वॉर्डातल्या इतर मुलांच्या उपचाराला गेली.

खोट्याच्या मागे लोभ किंवा भीती शोधायची, हेच आम्हाला शिकवलेलं. मागे माया असू शकते, हे मला त्या बाईने शिकवलं. तिने माझ्यासमोर आपलं रडणं गिळलं होतं. त्यापुढे माझी सगळी चौकशी फिकी पडली.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, पहिला घास शेजारी देतात. या घरी तो कुणी दिलाच नव्हता. त्या दिवशी जिन्यात उभा असतानाच खालून पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं. तेच तक्रारदार गृहस्थ पिठलं-भाताचं झाकलेलं पातेलं घेऊन जिना चढत होते. डोळे पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. मी बाजूला झालो आणि त्यांच्यासाठी दार वाजवलं.