रविवारी जंगलात गप्प चालायचं

घरात भांडण झालं नव्हतं, तरी माझा नवरा बोलेनासा झाला होता.

ते पोलादाच्या प्लांटमध्ये रेल मिलला होते. गरम रूळ करवतीनं कापतात तिथं त्यांची ड्यूटी. पूर्वी शिफ्टवरून आले की स्कूटर लावता लावताच सुरू व्हायचे. कोण सुटीवर गेला, कॅन्टीनमध्ये आज काय होतं, क्रेनवाला कसा हसवतो. मग ते कमी कमी होत गेलं. मी विचारायची, "वांगे करू का भेंडी?" तर म्हणायचे, "हो." मुलगी शाळेतलं सांगायला लागली की थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग पेपर उघडायचे. इकडच्या शाळेमुळे ती निम्मं हिंदीत बोलते म्हणून त्यांना आवडत नसेल, असं मला वाटलं. मी तिला दटावलं, "बाबांशी मराठीत बोलत जाय." काही फरक पडला नाही. मग वाटलं, माझी आई वर्ध्याहून येऊन राहून गेली त्याचा राग असेल. मग वाटलं, प्रमोशन दुसऱ्याला मिळालं म्हणून मनाला लावून घेतलं. एक कारण जुनं झालं की मी दुसरं शोधायची.

कधी कधी एकदम चिडायचे. मी आणि मुलगी स्वयंपाकघरात बोलत असलो की दारात येऊन उभे.

"काय कुजबुज करून राहिल्या तुमी दोघी?"

आम्ही कुजबुजत नव्हतोच. भाजीत मीठ जास्त झालं, एवढंच बोलत होतो. पण ते असे बघायचे की मला वाटे, आपलंच काही तरी चुकलं.

आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये केरळची एक सिस्टर राहायची, दवाखान्यातली. तिच्याजवळ मी मन मोकळं केलं. ती म्हणाली, दुसऱ्या सेक्टरमध्ये एक बंगाली दीदी आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. त्या रविवारी लोकांना घेऊन जंगलात जातात. हळूहळू चालवतात, बोलू देत नाहीत. बऱ्याच जणांना बरं वाटलंय, मन हलकं होतं. तीसुद्धा जाते.

"जंगलात जाऊन करायचं काय?" मी विचारलं.

"कुछ नहीं करना है," सिस्टर म्हणाली. "वही तो बात है."

ते मला काही कळलं नाही. जंगलात लोक लाकडं आणायला जातात, तेंदूपत्ता तोडायला जातात, पिकनिकला जातात. काहीच न करायला जाणारे मी पाहिले नव्हते. पण घरी बसून तरी कुठं काही सुटत होतं? यांना म्हटलं, "रविवारी माझ्यासोबत येता का?" ते म्हणाले, "हो." नेमकं कशाला हो म्हणाले ते मला ठाऊक नव्हतं. मॅटाडोरमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं चाललो आपण?"

होळी नुकतीच झाली होती. बालोद गावाच्या पुढे गेलो तशी दोन्हीकडे सालाची झाडं दाट झाली. तिकडचे लोक त्याला सरई म्हणतात. मॅटाडोर थांबली. दीदी पांढरी सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून पुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता कोणी बोलायचं नाही. अगदी हळू चालायचं. जे ऐकू येईल ते ऐकायचं. झाडाला हात लावावासा वाटला तर लावायचा." हे सगळं हिंदीत, पण बंगाली वळणाच्या, त्यामुळे निम्मं मला अंदाजानंच घ्यावं लागलं.

आम्ही निघालो. वाळलेली पानं पायाखाली इतकी कुरकुरत होती की शांत राहायचं तर चालायचं कसं, हा पहिला प्रश्न. पुढच्या एका साहेबांनी झाडाला मिठी मारली आणि डोळे मिटले. मीही एका झाडावर तळहात ठेवला. साल खरखरीत होती. पुढे काय व्हायला पाहिजे ते समजेना, म्हणून हात तसाच ठेवून मी वाट बघत राहिले. मुंग्या चढायला लागल्या तसा काढला. मनात काय, तर गॅसची शेगडी बंद केली की नाही. मुलीला शेजारी ठेवलं होतं, तिनं नीट खाल्लं असेल का. मधेच एक पाखरू शीळ घातल्यासारखं ओरडायचं. मोहाची फुलं खाली पडत होती, टप, टप. त्यांचा गोडसर, थोडा आंबलेला वास होता. हे बरं वाटणं आहे का, मी स्वतःला विचारत होते.

हे माझ्यापुढे चालत होते. हात मागे बांधलेले, मान वर. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

शेवटी दीदींनी सगळ्यांना एका मोहाखाली गोल बसवलं आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकानं सांगा, काय ऐकू आलं." नेमकं त्यांनी यांच्यापासूनच सुरू केलं. हे गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी हातानं कान दाखवला.

"मशीन," हे म्हणाले.

"मशीन? यहाँ?"

"हाँ. सीटी जैसी. बंदच नहीं होती."

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. एक जण उठून रस्त्याकडे पाहून आला. दीदी मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, माणूस कारखाना सोडून येतो, पण कारखाना त्याच्या मनातून जात नाही. लोकांनी माना हलवल्या. झाडाला मिठी मारणारे साहेब तर डोळे पुसायला लागले. यांच्या मनात एवढं सगळं आहे आणि मला पत्ता नाही? मान हलवू की रडू, ते कळेना.

तेवढ्यात सिस्टर उठली. कोणाला काही न सांगता यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "भैया, आपके कंधे पर कीड़ा है."

मी दचकून बघितलं. सगळ्यांनी बघितलं. हे तसेच बसलेले, दीदींच्या तोंडाकडे बघत.

सिस्टरनं पुन्हा म्हटलं. मग मुठीत वाळकी पानं घेऊन आधी उजव्या आणि मग डाव्या कानाजवळ चुरगाळली. डाव्या बाजूला त्यांनी मान किंचित वळवली. ती पुढे येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "कब से सुनाई नहीं देता?"

ते माझ्याकडे वळले. मग बोलले ते माझ्याशी, आणि इतक्या लोकांसमोर मराठीत.

"मले वाटलं तुमी मुद्दाम हळू बोलता. तू, पोरगी, सगळेच. मी आलो का आवाज कमी करता. मले वाटलं माह्यापासून काहीतरी लपवून राहिले."

"मी कावून लपवीन तुमच्यापासून?" मी म्हटलं. "मले वाटलं तुमी रागावले माह्यावर."

"कशाचा राग?"

"तेच तं मले समजत नव्हतं!" मी जवळजवळ ओरडले. त्यांना ते नीट ऐकू आलं.

दीदींना मराठी येत नव्हती. त्या एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघत होत्या. कोणीतरी समजावून सांगितल्यावर त्यांनी पिशवीतून केळी काढून सगळ्यांना वाटली. बाकीच्यांना काय ऐकू आलं ते मग राहूनच गेलं.

दवाखान्यात तपासणी झाली. बारीक आवाज जवळजवळ गेले होते, जाड आवाज शाबूत होते. कानात घालायला बोळे दिले होते की, डॉक्टर म्हणाले. हे म्हणाले, बोळे घातले तर क्रेनचा भोंगा कसा ऐकू यायचा, म्हणून खिशातच ठेवत होतो. गेलेलं परत येणार नव्हतं. आणि ती मशीनची सीटी त्यांच्या कानातच वाजत होती, तीही थांबणार नव्हती. त्यांना मिलमधून काढून स्टोअरला दिलं. मुलगी समोर उभी राहून बोलायला शिकली. ती त्यांना मराठीत आणि हिंदीत एकाच सुरात, ओठ मोठे करून सांगायची, आणि ते आता चुकीचं ऐकून भलतं उत्तर द्यायचे, पण द्यायचे.

एवढं झाल्यावर जंगल संपलं असं मी धरून चालले होते. पण त्यानंतर एका रविवारी हे आंघोळ करून तयार.

"आता कावून जायचं?" मी समोर जाऊन विचारलं. "पाखरं तं तुमाले आयकू येत नाही."

"चल न," ते म्हणाले.

मग आम्ही जातच राहिलो, मुलगी मॅट्रिकला येईपर्यंत. मला वाटायचं, यांना नुसतंच चालावं लागतं, किती वाया जातं. म्हणून मी दीदींचा नियम मोडून त्यांच्या डाव्या कानाशी सांगायची, आता पाखरू बोललं, आता वारा सुटला, तिकडे मोह पडतो आहे. लोक वळून बघायचे. दीदींनी आम्हाला रांगेत सगळ्यात मागे टाकलं.

एका रविवारी मी अशीच सांगत होते. ते थांबले. माझ्या हातावर हात ठेवला.

"थोडं चूप राहा न," म्हणाले. "मी आयकून राहिलो."

मी गप्प झाले. ते झाडांच्या शेंड्यांकडे बघत उभे होते आणि चेहरा अगदी निवांत होता. काय ऐकत होते ते मी नंतर विचारलं, तर हसले नुसते. मला ते अजून समजलेलं नाही.