बिनखिळ्याचा पलंग

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पेणपासून रोह्यापर्यंत माझ्यासारखा सांधा दुसऱ्या कुठल्या सुताराला जमत नाय, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगायला तयार होत नाय.

माझी लेक रोह्यात दिलीय. तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि विहीणबाईंनी मला पलंग सांगितला. सागाचा, चारी बाजू जमिनीपर्यंत बंद, तळालाही फळ्या, खाली केर जाता कामा नये. मी म्हटलं करतो, पण खिळा नाय आणि गम तर नायच नाय. त्या म्हणाल्या, मग उभा कशावर राहणार, तुमच्या थापांवर?

ह्यात जादू काय नाय हो. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची, पण आरपार नाय. जिभेला चीर देऊन तिच्यात बारकी पाचर धरायची आणि ठोकायचं. पाचर खाचेच्या तळाला टेकते, चिरीत घुसते, जीभ आतल्या आत फुगते. खिळा उपटता येतो, ही जन्मात निघत नाय.

लग्नाच्या आदल्या दिवशी लाकूड टेम्पोत घालून रोह्याला गेलो. तळ आणि तीन बाजू जोडल्या, वरच्या फळ्याही तशाच पाचरीनं बसवल्या. राहिली पायथ्याची फळी. तिची पाचर सारखी घसरून पडायला लागली. मग मी आत शिरलो, आतून बोटांनी पाचर धरली आणि बाहेरून ठोकायला व्याह्यांना, दामोदररावांना, उभं केलं. माणूस अबोल. मी त्यांच्या चहात मीठ घातलंय, चपला आंब्यावर टांगल्यात, कधी एक शब्द बोलले नायत.

"हाणा," मी म्हटलं. त्यांनी हाणलं.

"हळू काय हाणताय, बाळ थोपटताय काय?"

त्यांनी जोरात हाणलं. फळी अशी बसली की उजेडाची शेवटची रेघसुद्धा गेली. इतका सुरेख सांधा मी आयुष्यात केला नव्हता. खुशीत म्हटलं, "झालं. येतो आता बाहेर."

अंधारात चारी बाजू हातानं चाचपल्या. बाहेर पडायला वाट कुठंच नव्हती.

"व्याही, मी आत हाय हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"व्हय," ते म्हणाले. "तुम्ही हाणा म्हणालात."

हातोडा त्यांच्या हातात, करवत बाहेर भिंतीला. लाथ मारून बघितली, तर गुडघाच दुखला. शेवटी नाक मुठीत धरून विहीणबाईंना हाक मारली. म्हटलं, करवत घ्या, पायथ्याची फळी कापा, मी दुसरी करून देतो.

त्या पलंगाभोवती एक फेरी मारून आल्या. बांगड्यांचा आवाज माझ्या डोक्याकडून पायाकडे गेला आणि परत आला.

"फळी नाय कापायची, व्याही. उद्या सून येतेय, तिला काय तुकडे दाखवू? पाहुणे गेले की बघू सवडीनं. चहा केलाय तुमचा, पण आत कुठनं देऊ तेवढं सांगा. सगळीकडनं बघितलं, सुई जाईल इतकी पण फट नाय ठेवलीत तुम्ही."