ईमेलसाठी लावलेला कौल

शिमग्यात पालखी देवळातून निघायच्या आधी आमचे मानकरी काका गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने देवाकडे मोठ्या आवाजात मागणं मागायचं. आमची बरीच पोरं बोटीवर नोकरीला, त्यांची नावं एकेक करून घेतली जातात. मग तेच गाऱ्हाणं टाइप करून मी गावाच्या मेलिंग लिस्टवर टाकते. एका पत्त्यावर पाठवलं की सगळ्या पोरांना जातं. रत्नागिरीत माझं डीटीपीचं दुकान आहे, तिथे येणारे हसतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात कसली मेलिंग लिस्ट म्हणून. भर समुद्रात काही बोटींवर फक्त ईमेलच पोचतो, हे त्यांना कोण सांगणार!

त्या वर्षी गाऱ्हाणं गेलं आणि शेजारच्या काकींच्या मुलाचं इंग्रजी अक्षरांत उत्तर आलं, की इथे नुसती प्रश्नचिन्हं दिसताहेत, माझं नाव घेतलंत ना? त्याची बोट ज्या समुद्राकडे निघाली होती तिथे बोटींवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या टीव्हीवर रोज दिसत होत्या. काकींना त्यांच्या पडवीत मी ते वाचून दाखवलं.

"देवानं त्याचं नाव पुसलान काय गो?"

असलं काही नसतं, असं मी दहादा सांगितलं. काकींना ते पटेना, आणि त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

पण खरं सांगते, मला चेवही चढला होता. अशा भानगडी मला जेवणापेक्षा आवडतात! लिस्टवरून गेलेला मेल उघडला तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम तेवढे जागच्या जागी. वेडीवाकडी अक्षरं आली असती तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे आकडे करायची पद्धत, उलटं फिरवून मजकूर परत काढता आला असता. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर वाटेतच मेलं. मग मारलं कोणी? माझ्या पत्त्यावरून त्याला थेट 'नमस्कार' पाठवला, तो मराठीत धड पोचला. म्हणजे बोट निर्दोष, माझा संगणक निर्दोष. चोर लिस्टमध्येच होता.

"मग त्याचं नाव असंच थेट पाठवू का?" मी काकींना विचारलं.

"एकट्याचं नको गो. गाऱ्हाणं गावाचं असतं."

लिस्टची सेटिंग्ज चाळता चाळता मी टुणकन उडालेच. प्रत्येक मेलच्या तळाशी आपोआप जोडली जाणारी एक ओळ होती. फार पूर्वी कुणीतरी देवाचं नाव छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ती बसवली होती. तो फॉन्ट कुणाकडेच नसल्यामुळे ती इंग्रजी कचऱ्यासारखी दिसे, पण ही देवाची ओळ म्हणून तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जुन्या सर्व्हरवर ती वेगळ्या तुकड्यात जायची. आम्ही नुकतीच लिस्ट नव्या सर्व्हरवर हलवली, तिथे ती मजकुराला चिकटू लागली आणि सगळा मेल आपल्या एन्कोडिंगमध्ये ओढू लागली. त्यात मराठी बसत नाही. निदान हा माझा संशय होता, आणि खात्री करायची तर ओळ काढून एक मेल पाठवायला हवा होता.

"देवाची ओळ काढायची?" मानकरी काका गरजले. "इचारल्याशिवाय? कौल लावूया."

मी कपाळावर हात मारला, पण गेले. गुरवांनी देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. काका हात जोडून म्हणाले, "देवा म्हाराजा, ईमेलच्या बुडाला तुझी जी ओळ हाय, ती ही पोर जरा बाजूला ठेवणार हाय. अक्षरं नीट झाली की परत जागेवर बसवील. हुकूम दे."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी कधी नव्हे ते श्वास रोखून एका पाकळीकडे बघत होते. उजवी पडली. मी देवळाच्या पायऱ्या अक्षरशः धावत उतरले.

ओळ काढली, गाऱ्हाणं पाठवलं, आणि माझ्या फोनवर ते लख्ख मराठीत उमटलं. मी किंचाळलेच! लगेच तीच ओळ काकांकडून समजून घेऊन युनिकोडमध्ये टाइप केली, लिस्टला सगळ्या लिपी सामावणारं यूटीएफ-८ एन्कोडिंग लावलं, ओळ जागेवर बसवली आणि पुन्हा पाठवलं. ओळीसकट सगळं शाबूत.

काकी माझ्याबरोबर फोनकडे डोळे लावून बसल्या. उन्हं उतरताना मुलाचं उत्तर आलं, या वेळी मराठीत. नाव वाचलं, आई. माझ्याबरोबर बोटीवर असणाऱ्यांना दाखवलं, तर त्यांनीही आपापली नावं लिहून दिली. पुढच्या गाऱ्हाण्यात घ्याल का? खाली नावं होती, एक बंगालीत, एक मल्याळममध्ये, एक कुठल्या लिपीत ते मलाही कळेना. एकही अक्षर मोडलं नव्हतं.

मानकरी काकांनी फोन लांब धरून पाहिला. "ह्यांचा उच्चार विचारून घे," एवढंच म्हणाले.

काकींनी त्या न वाचता येणाऱ्या नावांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "त्यांच्या आयांना पण कळव गो. नाव घेतलंय म्हणून."