यादीतला शेजारी

ये, इथं जवळ सरकून बस. आधी माझी बोलणी खा, मग बाकीचं. तू चौथी शिकलेली पोर. सौंदडला बसून तू कोणाचं काय ऐकलंस? मावशीनं म्हणे भर शाळेत, चारशे माणसांत मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं, लाज सोडली, पिसाळली. ऐकलंस ते ऐकलंस, वर आणखी दोघीतिघींना सांगितलंस. सौंदडहून गोंदियाला गाडी रोज सुटते. एकदा येऊन मलाच विचारलं असतंस तर काय झिजलं असतं? तू आली नाहीस, म्हणून लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे. कोणी शिकवलेलं नाही, म्हणून वाकडं. जवळ बसल्यासारखी वाच. जावईबापूंनाही वाचून दाखव. त्यांच्याही कानावर जाऊ दे.

आधी त्याच्या अगोदरची निवडणूक ऐक. शाळेचा व्हरांडा. टेबल. टेबलामागे परगावचा अंमलदार, चष्मेवाला. त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बिडी कारखान्याच्या सेठाचा मुनीम बसलेला, पाय पसरून. टेबलापासून चार हातांवर चुन्याची रेघ. आमच्या मोहल्ल्याच्या माणसांनी रेघेच्या अलीकडून बोलायचं. बाकीचे टेबलाला पोट लावून उभे राहत. त्यांच्यासाठी रेघ नव्हती.

अंमलदारानं माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, "मीच होय जी."

"नवऱ्याचं नाव?"

मी चुन्याच्या रेघेकडे पाहिलं.

"नवऱ्याचं नाव सांग, बाई."

आता तूच सांग, आपल्यात कोण बाई नवऱ्याचं नाव घेते? पोराच्या तोंडून सांगतात, शेजारणीच्या तोंडून सांगतात. मला पोर नाही. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. गेला तरी नाव घ्यायचं नाही, असंच माझ्या मायनं शिकवलेलं. मी म्हटलं, "तुमच्या कागदावर असन ना साहेब. तेच."

"कागदावर आहेच. तू सांगितल्याशिवाय तूच ती बाई, हे मी कसं मानू?"

मुनीम हसला. म्हणाला, "सोचने दो साहब. कितने थे, याद कर रही होगी."

व्हरांडा हसला. तो सारा व्हरांडा. आमच्या मोहल्ल्याचे बाप्येही हसले. पदर मी दातांत धरला. माझ्या मागे तिसरा माणूस माझा भासरा होता, नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ. त्याचंही मत होतं. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फक्त भावाचं नाव सांगायचं होतं. दोन अक्षरं. त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. सेठाच्या राईस मिलमध्ये तो हमाली करत होता.

"पुढची," अंमलदार म्हणाला.

झालं. माझं मत तिथंच मेलं. माझ्यामागून आणखी चार बाया आल्या, चौघीही तशाच परत गेल्या. दर बाईला मुनीमाचा विनोद वाढत गेला. एकीला म्हणाला, "तेरा तो जिंदा है, वो भी भाग गया क्या?" त्या बाईनं घरी जाऊन दोन दिवस अन्न घेतलं नाही.

मत कायचं होतं, ते सांगते. नाही तर तू म्हणशील, मत नाही पडलं तर काय बुडलं. आमचा मोहल्ला मुर्रीच्या वाटेला. आधी ते खेडंच होतं. मग गोंदियात म्युनिसिपालिटीची कमेटी झाली, नवी कोरी, आणि आम्हाला शहराच्या हद्दीत ओढलं. शहरात आलो म्हणजे काय? घरपट्टी आली. पाणी नाही आलं. मोहल्ल्यात एकच विहीर, सेठाच्या बिडी कारखान्याच्या आवारात. आम्ही तिला हात लावायचा नाही. कारखान्याच्या गड्याच्या मनात आलं तर वरून घागरीत ओतेल. नाही आलं तर बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी. त्या बोडीत म्हशी लोळत, धुणं होई, आणि तेच आम्ही पीत होतो. तेच पिऊन माझा नवरा हैज्यात, म्हणजे पटकीनं, गेला. सकाळी धडधाकट होता. दिवस बुडायच्या आत तिरडी.

घर त्याच्यामागून माझ्या नावावर झालं, पट्टी मी भरत होती, म्हणून मला मत. मोहल्ल्यातून लक्ष्मण उभा होता, शिवणकाम करणारा. त्याचं एकच म्हणणं, कमेटीची विहीर मोहल्ल्यात झाली पाहिजे, आणि सगळ्यांच्या घागरी तिच्यात पडल्या पाहिजेत. समोर सेठाचा पुतण्या. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. त्याला गरजच नव्हती.

लक्ष्मण पडला. किती मतांनी ते नको विचारू. आम्हा पाच जणींची मतं पडली असती, तर तो निवडून आला असता.

घरी येऊन मी रडली नाही. राग होता. मुनीमावर होता, भासऱ्यावर होता, पण सगळ्यात जास्त माझ्या जिभेवर होता. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात जाता-येता शाळेवरून जाताना मी त्या भिंतीकडे पाहू लागली. मतदारांची यादी भिंतीला खळीनं चिकटवलेली. निवडणूक संपली तरी कोणी काढली नाही. शेळ्यांनी खालचा कोपरा चाटून चाटून खाल्ला होता.

मला एक अक्षर येत नव्हतं. पण एवढं ठाऊक होतं की यादी घराच्या ओळीनं लिहिली आहे. कमेटीचा कारकून घरोघर फिरला, तेव्हा मी त्याला पाहिलं होतं. कोपऱ्यावरचं घर तुकारामचं. म्हणजे आमच्या मोहल्ल्याची पहिली ओळ तुकाराम. दुसरं घर बाबूरावचं, दुसरी ओळ बाबूराव. तिसरी मी. माझ्यापुढं सीताराम, मग लक्ष्मण. घरं मला पाठ होती. मग ओळीही पाठ झाल्या. तुकारामचा रा आणि बाबूरावचा रा सारखाच दिसला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला बघ. बाबूरावचा ब, सीतारामचा सी, लक्ष्मणचा ल. रोज थोडं. कारखान्यात सुपात पानं घेऊन बिडी वळताना डाव्या हाताच्या बोटानं मांडीवर अक्षर काढायची. बाजूची विचारायची, "काय व, खाज सुटली काय?" मी म्हणायची, "हो, भारी खाज सुटली."

माझ्या ओळीत माझं नाव, मग बेवा, म्हणजे विधवा, आणि मग दोन अक्षरं. डो. मा. मी त्यांच्यावर बोट ठेवलं. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तो तिथं भिंतीवर उन्हात लटकून राहिला होता. मुनीमानं वाचावं, अंमलदारानं वाचावं, शेळीनं चाटावं. एकट्या मीच ते नाव घेऊ नये. हे कोणी ठरवलं? ज्यानं कोणी ठरवलं, त्यानं माझं मत खाल्लं.

त्या दिवशी बोडीवर पाणी भरायला गेली. तिथं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "डोमा." आभाळ कोसळलं नाही. एक म्हैस कान हलवून राहिली. मी पुन्हा म्हटलं. मग जोरानं म्हटलं.

पण तुला सांगायची गोष्ट वेगळीच. माझा हिशेब एका जागी बसेना. सीतारामच्या घराला लागून तेंदूपानाचं गोदाम आहे, त्याच्यापुढं लक्ष्मण. गोदामात माणूस राहत नाही. उंदीर राहतात. आणि यादीत सीताराम आणि लक्ष्मण यांच्या मधात एक ओळ जास्तीची. मला वाटलं मीच चुकली. पुन्हा कोपऱ्यापासून मोजलं. तीनदा मोजलं. ओळ जास्तीचीच. मग अक्षरं लावत बसली. ब बाबूरावचा. सी सीतारामचा, त्याला एक अर्धं काही चिकटलेलं, तिथं मी दोन दिवस अडली. मग ला, मग ल.

बन्सीलाल.

मुनीम. राहतो सिव्हिल लाइनला, पक्क्या घरात. आणि मत आमच्या मोहल्ल्यात. आमच्या सावलीला चार हातांवर ठेवणारा माणूस कागदावर आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पुढं त्या यादीत मला असे आणखी सापडले. सेठाचा दिवाणजी, सेठाचे दोन साळे. सगळे आमचे शेजारी.

पुढची निवडणूक आली. तोच शिंपी, तोच पुतण्या. मतदानाच्या आदल्या दिवशी मुनीम कारखान्यात आला आणि आम्हा बायांच्या पुढं उभा राहिला. "कल जिसका मत है, सब भैयाजी का नाम बोलेंगी. मैं वहीं बैठा हूँ. जो नहीं बोलेगी, उसको पत्ता नहीं मिलेगा." भैयाजी म्हणजे सेठाचा पुतण्या. पत्ता नाही म्हणजे तेंदूपान नाही. पान नाही म्हणजे बिडी नाही, चूल नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यानं अंमलदाराला उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं, असा तेव्हा कायदा. आणि तोंडाला मुनीमाचा कान लागलेला.

तोच व्हरांडा. तीच चुन्याची रेघ, नव्यानं मारलेली. अंमलदार दुसरा होता, पण प्रश्न तोच.

"नवऱ्याचं नाव?"

मुनीम आधीच हसायला लागला होता. विनोद तोंडात तयार.

मी म्हटलं, "डोमा. डोमा वल्द फागू. बोडीचं पानी पिऊन हैज्यानं मेला."

मुनीम म्हणाला, "कैसी बेशरम है, देखो." आणि आता भासऱ्याला वाचा फुटली. रांगेतून म्हणाला, "काऊन व, माह्या भावाचं नाव चारचौघांत उधळून राहिली? मेलेल्या मानसाची तरी लाज ठेव."

मी वळून म्हटलं, "मांगच्या खेपेले ते नाव तुमच्या तोंडात होतं, भाऊजी. तुम्ही गिळलं. आता कायले ओरडता?"

तेच तू ऐकलंस. एवढंच तुझ्या सौंदडपर्यंत पोहोचलं. पुढचं कोणी सांगितलं नाही.

अंमलदार म्हणाला, "मत कोणाला? नाव सांग."

"नाव नाही सांगत. कागद द्या. मले वाचता येते."

त्याला ते पटेना. त्यानं यादीच पुढं सरकवली. "वाच बरं." यादी टेबलावर, मी रेघेच्या बाहेर. वाचायचं तर पुढं जावं लागणार. मी गेली. चुना तळव्याला लागला, गार लागला. मुनीमानं खुर्ची मागं ओढली, धोतर आवरलं.

मी बोट ठेवून वाचत गेली. तुकाराम. बाबूराव. माझं नाव, बेवा, डोमा. सीताराम. मग थांबली. मुनीमाकडे पाहिलं.

"बन्सीलाल," मी म्हटलं. "मुनीमजी, तुम्ही आमचे शेजारी होय, हे आजवर कोणी सांगलं नाही. सीतारामच्या अन् लक्ष्मणच्या मधात राहता म्हणे. शेजारधर्म तरी करू द्या." आणि रांगेतल्या लक्ष्मणच्या बायकोला हाक मारली. "बाई, घरून गडवा भरून आन व. मुनीमजी आपल्या घरचं पानी पिऊन मत टाकतीन."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. या वेळेला त्याच्यावर. त्याचं तोंड पानाच्या पिंकेसारखं झालं. "साहब, ये औरत का दिमाग..." म्हणू लागला.

अंमलदारानं यादी परत आपल्याकडे ओढली. म्हणाला, "तो तिथं राहत नसेल तर यादी लावली तेव्हा हरकत घ्यायची होती. आता मुदत संपली. यादीत आहे तो मतदार."

लक्ष्मणची बायको गडवा घेऊन आली होती. मुनीमानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत आमचा शेजारी म्हणून त्यानं मत टाकलं.

मला कागद मिळाला. तट्ट्याच्या आड गेली. दोन्ही नावं वाचली, आधी पुतण्याचं, मग लक्ष्मणचं, आणि लक्ष्मणपुढं फुली मारली.

लक्ष्मण पुन्हा पडला. त्याच आठवड्यात माझं पान बंद झालं. भासऱ्यानं दारावरून जाणं सोडलं, त्याच्या लेकीच्या लग्नाचा सांगावा मला नाही आला. मी धान कांडलं, मोहफुलं वेचली, लोकांच्या भाताच्या बांधीत चिखलात उभी राहिली. विहीर आजही नाही. गेल्या उन्हाळ्यात बोडीच्या पाण्यानं बाबूरावची सून गेली. कोणी तुला सांगितलं, की मावशी जिंकली, तर त्यालाही खोटं म्हण.

पण आता ऐक. इंग्रज जाणार म्हणून सगळे बोलून राहिले. सेठाच्या पुतण्यानं आतापासून पांढरी टोपी घातली आहे. इंग्रज जातील. आमच्या गोदामात राहणारे शेजारी कुठं जातील? ते यादीतच राहतील, कोणी काढले नाहीत तर. नवी यादी होऊन राहिली आहे. या खेपेला ती चिकटली की त्याच सकाळी मी भिंतीपुढं उभी राहणार. हरकतीचा अर्ज कसा असतो, त्याला मुदत किती, तो कोणाच्या हातात द्यायचा, सगळं कमेटीच्या कचेरीत चार खेपा हाकलून दिल्यावर पाचव्या खेपेला विचारून आली. सेठाचा एकही माणूस माझ्या मोहल्ल्यात फुकट राहू देणार नाही. आणि कारकून नावं लिहायला येतो, त्याच्या आधी मी घरोघर जाते. बायांकडून त्यांचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणवून घेते. सासवा मला दारात उभं करत नाहीत. मी ओट्याखाली उभी राहून म्हणवते. परवा एकीनं चुलीपाशी बसून नाव घेतलं आणि स्वतःच दचकली. मी म्हटलं, "पुन्हा म्हन."

माझे डोळे आता बारीक अक्षर धरत नाहीत. तू वाच, कोण कुठं खरं राहतो ते मी सांगते. भात रांधून ठेवीन, तू नुसती ये. यादी लागायच्या आधी ये, पोरी. उशीर करू नको.