उभं राहिलेलं उलथनं

पुरणाच्या पातेल्यात उलथनं ताठ उभं होतं आणि मी त्याला सलाम ठोकायचाच काय तो बाकी होता! होळीचं पुरण यंदा प्रथमच मी शिजवलं होतं. शेजारच्या सुमनकाकूंनी मधोमध उलथनं रोवताना बजावलं होतं, "हे पडलं, तर आज पोळ्या नाहीत. गोड वरण समजून भाताशी खा."

ते पडलं नाही.

टेबलावर मुलीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. त्यात एकेका चाचणीला ती शोधणाऱ्याचं नाव. कुणा गृहस्थानं नळीत दोन थेंब टाकले, रंग बदलला आणि तो अमर झाला. आमच्या स्वयंपाकघरांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या उलथनी उभी राहिली, पण उलथनं पहिल्यांदा रोवणारी कोण, कुणाला ठाऊक?

मी घोषणा केली, "आजपासून ही सुमनकाकू चाचणी!"

"चहाटळ कुठला! मला सासूबाईंनी शिकवली."

"मग त्यांचं नाव देऊ. काय होतं?"

काकू थबकल्या. "सगळे जिजीच म्हणायचे." मग हळूच म्हणाल्या, "दुर्गा. दुर्गा नाव होतं त्यांचं."

त्यांनी उलथनं उपसलं, पुन्हा रोवलं, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "दुर्गा चाचणी, पास!"