यादीचा मालक रिंस कोइस्त्रा

रिंस कोइस्त्राला चूक कबूल करताना आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही. चौदा वर्षांपूर्वी त्याने बैठकीच्या खोलीत एका भिंतीला वॉलपेपर उलटा चिकटवला. ट्युलिपची फुलं छताकडून जमिनीकडे लोंबायला लागली. बायको चित्स्के म्हणाली, अरे, उलटं झालंय. त्याने शिडीवरूनच सांगितलं की या नमुन्यात असंच असतं. ती भिंत अजून तशीच आहे, आणि पाहुणे आले की चित्स्के त्यांना त्या भिंतीकडे पाठ करून बसवते.

त्याचा बाप कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. होडी आली की पूल उचलायचा, एवढंच काम. पण कोणत्या होडीला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे बाप कॉफी पिता पिता ठरवी. शिडाची मोठी नौका असली आणि वर पांढऱ्या कपड्यांतले आम्स्टरडॅमचे लोक असले, की तो कॉफीचा दुसरा कप ओतून घेई. लहानगा रिंस खिडकीत बसून हे बघे आणि त्याला ते फार आवडे.

पुढे तो गावातल्या पशुखाद्याच्या कंपनीत वजनकाट्यावर लागला. कंपनीत पहिले संगणक आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं वाचायचा कंटाळा न आलेला माणूस तो एकटाच. त्यामुळे संगणक त्याचे झाले, आणि हळूहळू त्या संगणकांवर काम करणारी माणसंही आपलीच आहेत असं त्याला वाटायला लागलं. कामात तो हुशार होता, हे मात्र मान्य करावं लागेल.

कंपनीची निम्मी माणसं बाहेर. विक्रेते गोठ्यांतून फिरत, काही जण घरून काम करत. बाहेरून कंपनीच्या संगणकात शिरायचं तर व्हीपीएनच्या दारातून यावं लागे. त्या दाराच्या यंत्रात नावांची एक यादी होती आणि ती रिंस स्वतःच्या हाताने भरी. पासवर्डही तोच ठरवी आणि चिठ्ठीवर लिहून देई. पासवर्ड विसरलेल्या माणसाला तो ‘दुपारी ये’ म्हणे. दुपारी तो माणूस आला की रिंस त्याच्या डोळ्यांदेखत चीज लावलेला पाव खाई, ताक पिई, ओठ पुसे आणि मग चिठ्ठी लिहायला घेई.

गेल्या नोव्हेंबरात ही मजा संपली. विमा कंपनीने कळवलं की दारावरची ही वेगळी यादी चालणार नाही. ऑफिसात रोज सकाळी संगणक उघडताना ज्या मुख्य यादीत नाव आणि पासवर्ड तपासला जातो, तिलाच दाराच्या यंत्रानेही विचारलं पाहिजे. तीत माणूस आहे का, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, आणि बाहेरून यायची परवानगी असलेल्यांच्या गटात तो बसतो का. तिन्ही उत्तरं होकारार्थी आली तरच दार उघडायचं. रिंस दोन आठवडे फुगून बसला. मग बाहेरचा जाणकार बोलवायची गोष्ट निघाली, तेव्हा ‘कशाला, मी मेलोय का’ म्हणत त्याने काम अंगावर घेतलं.

आणि नीट केलं. यंत्र आणि मुख्य यादी यांच्यातलं बोलणं कोणाला ऐकता येणार नाही अशी सोय केली. यादी वाचण्यापुरतं यंत्राला एक वेगळं खातं दिलं. ‘बाहेरून’ नावाचा गट बनवला आणि त्यात स्वतःचं नाव आणि सत्तर विक्रेत्यांची नावं एकेक करून टाकली. वाहतूक खात्याचा एक तयार गट आधीपासून होता, सहा माणसांचा. ती सहा नावं पुन्हा कोण टाकत बसणार? त्याने तो अख्खा गटच ‘बाहेरून’मध्ये उचलून ठेवला. स्वतःच्या नावाने दार उघडून पाहिलं, उघडलं. एका विक्रेत्याला उघडायला लावलं, उघडलं. बुधवारी दुपारी त्याने जुनी यादी पुसून टाकली.

गुरुवारी सकाळी हिंके पोस्मा घरच्या स्वयंपाकघरातून दारावर आली आणि दाराने सांगितलं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

हिंके वाहतूक खात्यात होती. कोणत्या गोठ्यावर कोणत्या दिवशी खाद्याची गाडी जायची, ते ती ठरवी. तिचा नवरा सिब्बे याच कंपनीची गाडी तीस वर्षं चालवत होता. एकसष्टाव्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंश झाला आणि एक दिवस तो गाडी घेऊन जर्मनीच्या हद्दीपर्यंत गेला. आता तो घरी असे, आणि दार उघडं सापडलं की सरळ कालव्याच्या दिशेने चालायला लागे. म्हणून हिंके घराला कुलूप लावून स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करी आणि तो समोर बसून बटाटे सोली. कंपनीच्या संगणकात बाहेरून शिरायचं ते एक दार होतं म्हणून सिब्बे घरी होता. हे सगळ्या कंपनीला माहीत होतं, रिंसलाही.

त्याचं तिच्याशी वैर नव्हतं. वैर असतं तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. तिचा फोन आला तेव्हा त्याने यंत्राची नोंदवही उघडून पाहिलीसुद्धा नाही. बाकी सत्तर जण बिनबोभाट आत येत होते. वाहतूक खात्यातले इतर सगळे ऑफिसातच बसत, त्यांना दाराशी कामच पडत नव्हतं. अडली होती एकटी चौपन्न वर्षांची बाई, म्हणजे बाई चुकीचं टाइप करतेय.

ती पुन्हापुन्हा टाकत गेली. पाच वेळा नाकारलं की खातं आपोआप बंद होई, मग तिने फोन करायचा आणि त्याने उसासा टाकून ते उघडायचं. सोमवारी तिचा फोन आला तेव्हा दोन विक्रेते त्याच्या टेबलाशी उभे होते. रिंसने फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि पासवर्ड वाचून दाखवायला सांगितलं.

“आत्ता? फोनवर?” हिंकेने विचारलं.

“मग काय पत्राने पाठवतेस?”

 हिंके म्हणाली, “सिब्बे घरीच राहील. सगळं सलग. आणि शेवटी एकसष्ट.”

विक्रेत्यांपैकी एक जण हसला आणि मग त्याने जमिनीकडे पाहिलं.

“झालं, आता तीन माणसांना कळला,” रिंस म्हणाला. “नवा कर. आणि जरा आखूड कर बाई, तुझ्या बोटांना झेपेल असा.”

तिने नवा केला. तोही चालला नाही.

वाहतूक खात्याचा प्रमुख मेनो ब्लूम तिचं काम आठवडाभर स्वतः ओढत होता. तो वाईट माणूस नाही. त्याने दोनदा रिंसकडे येऊन विचारलं की यंत्रात तर काही गडबड नाही ना. रिंसने दोन्ही वेळा त्याला पडद्यावर सत्तर विक्रेत्यांची हिरवी नावं दाखवली. मग मेनोने नाइलाजाने हिंकेला सांगितलं की सोमवारपासून रोज ऑफिसात यावं लागेल, गोठ्यांवर गाई उपाशी राहतायत.

नेमकी त्याच आठवड्यात हेरेनफेनच्या शुश्रूषागृहात एक खोली रिकामी झाली. सिब्बेचं नाव तिथे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घातलं होतं आणि हिंकेने तीनदा नाही म्हणून कळवलं होतं. या वेळी शुक्रवारी बारापर्यंत उत्तर हवं होतं. शुक्रवारी सकाळी तिने रिंसला फोन केला. या वेळी त्याच्यासमोर कोणी नव्हतं.

“रिंस, एकच सांग. सोमवारपर्यंत हे दुरुस्त होईल का? होणार असेल तर मी त्यांना नाही म्हणून कळवते.”

“हिंके, बिघडलेलं असेल ते दुरुस्त होतं. इथे काही बिघडलेलंच नाही.”

“म्हणजे मीच.”

“मी तसं म्हटलं नाही,” रिंस म्हणाला, आणि वेगळं काही म्हटलंही नाही.

शनिवारी तिने सिब्बेला त्याच्या खुर्चीसकट नेऊन पोचवलं. तो गाडीत खूश होता. त्याला वाटलं फेरीला निघालोय.

मंगळवारी मेनो घरी थांबला होता, भांडी धुण्याचं यंत्र दुरुस्त करणारा यायचा होता म्हणून. साडेनऊला त्याने रिंसला फोन करून सांगितलं की दार त्याला आत घेत नाही, नाव किंवा पासवर्ड चुकीचा म्हणतंय. मेनो इंजिनियर होता आणि शिवाय साहेब होता. मेनोची बोटं चुकत नाहीत. रिंसने नोंदवही उघडली.

मेनोच्या ओळी तीन होत्या. त्यांच्या वर, त्या पहिल्या गुरुवारपर्यंत मागे, हिंकेच्या त्रेचाळीस. खातं बंद झाल्याच्या ओळी सोडल्या तर प्रत्येकीत तेच लिहिलं होतं: नाव सापडलं, पासवर्ड बरोबर, गटात नाही, प्रवेश नाकारला. त्याला ताबडतोब कळलं. यंत्र गटातली माणसं वाचत होतं, गटाच्या पोटात ठेवलेला दुसरा गट उघडून बघत नव्हतं. तसं बघ, असं त्याला एका खुणेने सांगावं लागतं. हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं, कोणत्या पानावर तेही त्याला आठवत होतं. पासवर्ड बरोबर. त्रेचाळीस वेळा तिने बरोबर टाकला होता, नवा केलेलासुद्धा.

 त्याने उठून खोलीचं दार लावून घेतलं, यंत्रात ती खूण केली आणि मेनोला फोन लावला. यंत्र बनवणाऱ्यांनी सकाळीच काहीतरी बदल पाठवला होता, त्याचा घोळ झाला होता, आता ठीक आहे, असं त्याने सांगितलं.

“आज सकाळचाच घोळ?” मेनोने विचारलं. “हिंकेचं ते वेगळं होतं का?”

“ते वेगळं.”

“मला विचारायचंच होतं,” मेनो म्हणाला. “पहिल्या आठवड्यात खोली परत करता येते, शनिवारपर्यंत. यंत्राची चूक असेल तर ती आजच्या आज त्याला घरी आणेल, मी तिला घरून काम देतो. नीट आठवून सांग.”

रिंसने आठवायचं नाटक केलं. खिडकीतून खाली गाड्यांचं आवार दिसत होतं. आपण हो म्हटलं तर काय होईल, याचा त्याने विचार केला. ते दोन विक्रेते सगळ्यांना सांगतील. वजनकाट्यावरची पोरं हसतील. दुपारी ये म्हणून ज्यांना ज्यांना ताटकळत ठेवलं, ते सगळे हसतील. सिब्बेचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. तो वळणावर भोंगा वाजवून हात करायचा.

“मी नोंदी पाहिल्यात,” रिंस म्हणाला. “तिचं टाइप करणंच चुकत होतं.”

मग त्याने खाली जाऊन हिंकेला सांगितलं, आता जरा सावकाश टाकून बघ. तिने लॅपटॉप मोबाइलला जोडून बाहेरून दार ठोठावलं आणि पहिल्या फटक्यात आत गेली. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मेनोने तिला त्या दुपारी खोली परत करण्याबद्दल विचारलं, तर ती नको म्हणाली. आज जमलं, परवा नाही जमलं तर त्याला पुन्हा उचलून कुठे नेऊ, असं तिने विचारलं. तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. शनिवार आला आणि गेला. नोंदवहीतल्या ओळी तीस दिवसांनी यंत्राने आपल्या आपण पुसल्या.

सिब्बे पहिले तीन आठवडे संध्याकाळ झाली की कोट घालून शुश्रूषागृहाच्या दाराशी उभा राही. त्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. मग त्याला गोळ्या सुरू झाल्या आणि तो उभा राहायचा थांबला. फेब्रुवारीत त्याने हिंकेला विचारलं की बाई, तुमचं गाव कोणतं.

मार्चमध्ये हिंकेचा वाढदिवस आला. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. तिने गुलाबी साखरेचा थर असलेला मोठा केक आणला आणि सगळ्यांना वाटून झाल्यावर एक ताटली घेऊन वर रिंसच्या खोलीत गेली. नोव्हेंबरात तुला फार त्रास दिला, म्हणाली, रोज फोन, रोज खातं उघड, तू वैतागला असशील.

“जाऊ दे गं,” रिंस म्हणाला. “होतं असं.”

“मी आता मंगळवारी आणि गुरुवारी वाचनालयात जाते. वयस्कांसाठी टाइप करायचा वर्ग आहे. तसंही संध्याकाळी घरी कोणी नसतं.” ती जरा हसली. “आधीच शिकले असते ना रिंस, तर तो आज घरी असता.”

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“चांगलं केलंस,” तो म्हणाला. “उशिरा का होईना.”

आणि ती जिना उतरून गेल्यावर त्याने केक संपवला.